मागून घेतलेल्या गोष्टी

बारामतीच्या मंडईत मेथीच्या जुड्या उलटसुलट करून पाहत होते, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. विमा विकणारं कोणीतरी असणार म्हणून मी आधीच आवाज चढवून 'हॅलो' म्हटलं. पलीकडून घसा बसलेला एक पुरुषी आवाज म्हणाला, "मॅडम, मी मिलिंद. लासुर्ण्याचा. आमची ताई गेली." मी मेथी हातात धरून तशीच उभी राहिले. सुगंधा आजारी होती, दवाखान्यात होती, आदल्या संध्याकाळी मी तिला भेटूनही आले होते, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित होती असं नव्हे. मला हलवलं ते त्या 'आमची ताई'नं. कारण हा मिलिंद, सुगंधाचा सख्खा धाकटा भाऊ, गेली कित्येक वर्षं तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

त्याला आता काही आठवडे झाले. सुगंधा कोण, हे बारामती-इंदापूरच्या बाहेर फारसं कोणाला ठाऊक नसेल. तिच्या नावावर दोनच कथासंग्रह. पहिला चांगला जाडजूड, त्याला पुरस्कारही मिळालेला. दुसरा इतका पातळ की एका समीक्षकानं त्याला 'पुस्तिका' म्हटलं होतं आणि त्या माणसावर माझा अजून राग आहे. इंदापूर रस्त्यावरच्या एका शाळेत आम्ही दोघी नोकरीला होतो. ती गणित शिकवायची, मी मराठी, आणि लेखिका मात्र ती… हा अन्याय मी तिला निवृत्त होईपर्यंत ऐकवला. रोज सकाळी बारामती डेपोतून आमची एसटी सुटायची. ती खिडकीशी, मी शेजारी. मी बोलायची आणि ती ऐकायची, अशी आमची कामाची वाटणी पहिल्याच आठवड्यात ठरून गेली. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये आमची खडखडणारी गाडी आणि माझी टकळी. शाळा येईपर्यंत ती एखादं वाक्य बोलायची, पण ते असं असायचं की मला दुसऱ्या तासापर्यंत पुरायचं.

पहिलं पुस्तक तिनं रागानं लिहिलं. तो राग सोळा आणे खरा होता. लासुर्ण्याच्या वस्तीत वाढलेली मुलगी, शिकून मास्तरीण झाली, तिनं जे पाहिलं-सोसलं ते तसंच्या तसं कागदावर उतरवलं. पुस्तकाची हस्तलिखितं मी वाचली होती, शुद्धलेखन मी तपासलं होतं, आणि तिच्यापेक्षा मीच जास्त मिरवत होते. त्यातली सगळ्यात गाजलेली कथा मिलिंदची होती. तरुणपणी गावात त्याचा एक अपमान झाला होता. काय झालं होतं ते मी इथं सांगणार नाही. सुगंधानं कथेत नाव बदललं, गाव बदललं, पण लासुर्ण्यात ते न ओळखणारं कोण होतं? पुरस्कारानंतर गावानं तिचा सत्कार ठेवला. कोणा उत्साही माणसानं तीच कथा माइकवर वाचून दाखवली आणि एकेक मान वळून मागच्या रांगेत बसलेल्या मिलिंदकडे बघू लागली. त्याच्या शेजारी त्याची नवी नवरी बसली होती. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्या रात्री तो बहिणीला एवढंच म्हणाला, "तुजं नाव झालं. माजं काय झालं, ते बघितलंस का?" आणि त्यानंतर बोलणं बंद. (हे सगळं मी मिलिंदला विचारूनच लिहिते आहे. न विचारता लिहिलं असतं तर सुगंधानं मला वरून दम भरला असता. तिच्या बौद्ध धर्मात वर-बिर काही नसतं, हे ठाऊक आहे मला. तिच्याशी यावरूनही माझी भांडणं झालेली आहेत.)

त्यानंतर तिचं लिहिणं थांबलं. मे महिन्याच्या सुट्टीत ती विपश्यनेच्या शिबिराला गेली. दहा दिवस बोलायचं नाही, वाचायचं नाही, पेन-कागदसुद्धा जवळ ठेवायचा नाही, डोळे मिटून अंगात-मनात जे येईल ते नुसतं बघायचं. मी म्हटलं, "मी तर दुसऱ्याच दिवशी भिंतीशी भांडण उकरून काढलं असतं." ती नुसती हसली. परत आली ती मला तरी होती तशीच दिसली. पण जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एसटीत ती म्हणाली, "शैला, पंचशील मी लहानपणापासून म्हणतेय. विहारात, लग्नात, मयताला. 'अदिन्नादाना वेरमणी' म्हटलं की आपण चोरी करणार नाही, एवढंच मनात यायचं. पण शब्द आहेत, न दिलेलं घेणार नाही. तिथं डोळे मिटून बसले आणि रोज मिलिंदचाच चेहरा समोर यायचा. त्याची गोष्ट त्यानं मला दिली नव्हती गं. मी घेतली."

मी हात झटकला. म्हटलं, असं विचारत बसलं तर जगात एकही पुस्तक निघायचं नाही. ती म्हणाली, "नाही निघालं तर नाही." आणि खिडकीबाहेर बघू लागली. मला वाटलं, शिबिराचा परिणाम आहे, चार दिवसांत उतरेल. तो उतरला नाही. उलट त्यातून तिची लिहिण्याची एक अशी रीत तयार झाली, जी मी दुसऱ्या कोणा लेखकाची ऐकलेली नाही. ती पहाटे ध्यानाला बसायची, मग लिहायची, आणि गोष्ट पुरी झाली की कापडी पिशवीत कागद घालून ज्याच्या आयुष्यातून ती आली, त्याच्या दारात जाऊन बसायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायची आणि विचारायची, "देता का?" समोरचा माणूस दिली म्हणाला तर गोष्ट छापायला. नको म्हणाला तर तिथल्या तिथं कागद त्याच्या हातात ठेवायचे आणि उठायचं. स्वतःजवळ प्रत नाही. कारण काय, तर गोष्ट त्यांची, त्यांच्या घरी राहू दे.

या रीतीनं तिला काय काय पाहायला मिळालं! एका निवृत्त एसटी ड्रायव्हरनं अर्धी गोष्ट ऐकूनच "दिली, दिली" म्हणून टाकलं आणि वर अट घातली की मुखपृष्ठावर त्याचा गाडीसकट फोटो पाहिजे. त्याची समजूत काढताना तिला घाम फुटला. एका बाईनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "दिली, पर माज्या पोराच्या कानावर जाऊ देऊ नगंस." सुगंधानं ते 'नको'च धरलं, कागद तिच्या मांडीवर ठेवले आणि पाणी पिऊन परत आली. ती कथा मी वाचली होती. मला विचाराल तर तिनं लिहिलेल्यांतली ती फार वरच्या दर्जाची होती. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मग तिनंच डबा पुढे केला आणि म्हणाली, "भरताचं वांगं घरचं आहे, राग काढून खा." सुगंधाचं हे असं होतं. तिच्यावर चिडायला जावं, तर ती आपल्या चिडण्याला बसायला पाट द्यायची.

चळवळीतली तिची मित्रमंडळी माझ्यापेक्षा जास्त संतापली होती. एक जण तर घरी येऊन म्हणाला, "ताई, आपल्याला डोळे उघडायला शिकवलंय, मिटायला नव्हं. ह्या ध्यानानं तुमची धार गेली." ती शांतपणे म्हणाली, "गेली असेल. मी बघते." आणि खरंच तिनं बघितलं. कारण धार कुठे जात होती, हे तिला लवकरच समजलं, तेही माझ्याच सासरी.

माझं सासर लोणी भापकरचं. सुट्टीत सुगंधा माझ्याबरोबर तिथं यायची. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ती फार आवडायची. हुरडा राखून ठेवायच्या, जाताना पिशवीत शेंगा कोंबायच्या. पण तिला घरात कधी घेतलं नाही. ती आली की ओट्यावर खाट टाकायच्या, "हितं वारं चांगलं लागतं, बस गं पोरी" म्हणायच्या, आणि जेवणखाण, चहापाणी सगळं तिथंच. मीही ताट घेऊन बाहेर जायची. त्या वाऱ्याचा अर्थ आम्हा तिघींना कळत होता आणि तिघीही गप्प होतो. सुगंधानं यावर कथा लिहिली आणि पिशवी घेऊन आत्याबाईंना वाचून दाखवायला निघाली, तेव्हा मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, म्हातारं माणूस आहे, नको. ती म्हणाली, "न वाचता छापणार नाही आणि न विचारता फाडणारही नाही."

त्याच ओट्यावर बसून तिनं ती वाचली. आत्याबाई जोत्यावर पाय सोडून, काठी आडवी धरून ऐकत होत्या. कथेतली म्हातारी प्रेमळ होती, वारं खरंच थंडगार होतं, उन्हाळ्याची दुपार होती. वाचून झालं. मी आत जाऊन कडी लावून घ्यावी या विचारात होते. आत्याबाई म्हणाल्या, "व्हय, मीच ती. पर ह्यात समदा उन्हाळाच लिवलायस तू."

"म्हणजे?" सुगंधानं विचारलं.

"थंडीतबी मी तुला भायेरच बसवायची की. तवा कुठलं आलंय चांगलं वारं? तू पदर आंगाभवती घट्ट गुंडाळून च्या प्यायचीस. मी आतनं बघायची. ते का न्हाय लिवलं?"

सुगंधा म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मग ती माजी गोष्ट कशी झाली?" आत्याबाईंचा आवाज चढला. "थंडी लिव. मग दिली."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या… बाहेरच. उभ्या जन्माची सवय, एका गोष्टीनं थोडीच जाणार? पण त्या दिवशी ताटलीत तीन कप होते. आत्याबाई पहिल्यांदा आमच्याबरोबर खाटेशेजारी बसून चहा प्यायल्या. त्या आता नाहीत. पण 'थंडी' ही कथा सुगंधाच्या पातळ पुस्तकात पहिलीच आहे, आणि ती वाचताना कोणाला तिची धार गेली असं वाटलं, तर त्यानं मला येऊन भेटावं.

दुसऱ्या दिवशी परतताना ती गाडीत म्हणाली, "शैला, मी खोटं लिहिलं होतं गं. चांगुलपणाच्या नादात. पहाटे सगळ्यांचं भलं चिंतायचं आणि तेच शाईत कालवायचं, असं करून बसले होते." तिच्यासारख्या माणसाच्या हातूनच अशी चूक होऊ शकते. रागानं लिहिताना ती कोणाला विचारत नव्हती, आणि मैत्रीनं लिहायला लागली तर समोरच्याला दुखू नये म्हणून ऊब घालत होती. त्या दिवसापासून तिनं दोन्ही सोडलं. आणि त्याच दिवशी तिनं ठरवलं, मिलिंदची गोष्ट पुन्हा लिहायची. पहिल्यापासून. या वेळी त्याला विचारून.

ही दीर्घकथा ती शेवटपर्यंत लिहीत होती. दर उन्हाळ्यात, बुद्ध पौर्णिमा झाली की, ती पिशवी घेऊन लासुर्ण्याला जायची. मिलिंद अंगणात खाटेवर बसलेला असायचा. भावजय पाणी आणून द्यायची. सुगंधा कागद काढायची आणि मिलिंद उठून घराला वळसा घालून निघून जायचा. मग ती काय करायची? तर पूर्ण गोष्ट, शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्यानं वाचायची आणि पाणी पिऊन परत यायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"कोणाला वाचून दाखवलंस? खाटेला?"

"खाटेला."

"मग खाटेनं दिली का?"

"अजून नाही," ती म्हणाली.

त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती पुन्हा लिहायची. काय चुकलं ते शोधायची. मी तिला पुष्कळ बोलले, निवृत्तीनंतर तर फारच. म्हटलं, नाव बदल, काळ बदल, वाटल्यास बाई कर त्याची, पण छाप. हे तुझं सगळ्यात मोठं काम आहे. ती माझं सगळं ऐकून घ्यायची आणि भाजीला फोडणी द्यायला उठायची. त्या वेळी माझा संताप व्हायचा. आज वाटतं, असा धीर मी जन्मात दुसऱ्या कोणाजवळ पाहिला नाही. पुस्तकापेक्षा तिला भाऊ पाहिजे होता, आणि तोही गोष्ट टाकून देऊन नव्हे, गोष्टीसकट.

दवाखान्यातली शेवटची संध्याकाळ. ती डोळे मिटून पडली होती. झोपली असेल म्हणून मी हळूच खुर्ची सरकवली, तर म्हणाली, "जागी आहे." मी विचारलं, "दुखतंय का?" "दुखतंय… बघतेय." मी तोंड फिरवून रडले. मग तिनं कपाटातल्या पिशवीचं सांगितलं. मिलिंदची गोष्ट. "तू वाचून दाखव." मी म्हटलं, "माझ्यासमोरूनही उठून जाईल तो." ती म्हणाली, "जाऊ दे. तू शेवटपर्यंत वाच." ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तिच्यासाठी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम लासुर्ण्याच्या विहारात झाला. त्रिसरण-पंचशील झालं, मग भाषणं. एक वक्ते म्हणाले की ताईंच्या हातून याहून कितीतरी मोठं काम झालं असतं, पण ध्यानानं त्यांची लेखणी खाल्ली. तेव्हा बायकांमधून एक म्हातारी उठली. "सायेब, माजी गोष्ट माज्या ट्रंकेत हाय," ती म्हणाली. "तिनं लिवली, वाचून दावली. मी नगं म्हनलं, तवा कागद माज्याच हातात दिलं. मला वाचता येत न्हाय. नातीकडनं वाचून घेते." ती बसायच्या आत मागून एक पुरुष म्हणाला, "आमच्याकडंबी हाय." मग आणखी कोणी, मग आणखी. मी मान वळवून बघत राहिले. सुगंधाचं समग्र साहित्य या दोन तालुक्यांत घरोघरी, ट्रंकांमध्ये आणि फळ्यांवर पडून आहे. ते कधी छापलं जाणार नाही, आणि ज्यांचं आहे ते लोक ते वाचतात. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मला भाषणच करता आलं नाही. बोलायची सवय असलेल्या बाईला हे सांगायला लाज वाटते, पण तसं झालं.

मिलिंद त्या दिवशी लोकांना पाणी देत फिरत होता. त्यामुळे मी आठवड्यानं पुन्हा गेले, पिशवी घेऊन. तो उसाला पाणी धरून नुकताच आला होता, पायाला चिखल होता. खाटेवर बसला. मी खुर्चीत बसले, चष्मा लावला, कागद काढले आणि त्याच्या उठण्याची वाट पाहिली. तो उठला नाही. खाली बघत म्हणाला, "मॅडम, मला म्हाईत हाय त्यात काय हाय ते."

"तुम्ही कधी ऐकलंत?"

"दर साली." त्यानं घरामागे हात केला. "हितनं उठायचो आन् गोठ्याच्या भिताडामागं हुबा ऱ्हायचो. तिचा आवाज तितवर येतोय. समदं ऐकून मग रानात जायचो."

तो हळूहळू बोलत राहिला. "पयल्या खेपंला तिनं मला लई शहाणं केलं हुतं. मी तसा नव्हतो. मग दर साली थोडं थोडं बदलत गेली. अन् गेल्या साली… बरोबर लिवलं. जसं झालं हुतं तसं. माजं चुकलं ते बी, तिचं चुकलं ते बी. तवा वाटलं, जावं म्होरं. म्हनावं, दिली."

"मग?"

"पाय उचलला न्हाय," तो म्हणाला. "म्हनलं, फुडच्या उन्हाळ्यात."

गोठ्यात म्हैस हलली, साखळी वाजली. मिलिंदनं पालथ्या हातानं तोंड पुसलं. "आता दिली म्हनायचं, तर कुणाला म्हनू, मॅडम? घेनारीच गेली."

मला वाटलं, तिच्या रीतीप्रमाणे कागद त्याच्या हातात ठेवावेत आणि निघावं. मी ते जुळवू लागले, तर त्यानं माझ्या मनगटाशी हात आडवा धरला.

"आवरू नगा," तो म्हणाला. "वाचा. एकदा हितं, म्होरं बसून ऐकतो."

त्याची बायको आतून आली आणि उंबऱ्याशी बसली. मिलिंदनं चिखलाचे पाय वर घेऊन खाटेवर मांडी घातली, आणि मी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.